अंगावर पाजताना लागणाऱ्या वस्तू: कोणती कधी घ्यायची, कोणती नाही घेतली तरी चालते

सातव्या महिन्यात मी हौसेने दूध काढायचा इलेक्ट्रिक पंप आणून ठेवला होता. तो खोक्यातून बाहेर आला तेव्हा बाळ अकरा आठवड्यांचं झालं होतं. पहिल्या चार दिवसांत ज्यांच्यावाचून खरोखर अडलं त्या गोष्टी अगदीच किरकोळ होत्या: एक लहान चमचा, पाठीशी घट्ट उशी आणि पायाखाली ठेवायला काहीतरी. तिन्ही घरातच होत्या, फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून या लेखाचा क्रम दुकानातल्या मांडणीचा नाही, दिवसांचा आहे. स्तनपानातल्या बहुतेक वस्तू म्हणजे एकेका अडचणीवरचा उपाय. अडचण आलीच नाही तर वस्तू पडून राहते, आणि भलत्या वेळी वापरली तर कधी कधी नवीच अडचण उभी करते.

पायरी १: बाळंतपणाआधी थोडकंच

आधी घ्यायच्या वस्तू तीनच: दोन नर्सिंग ब्रा, ब्रा-पॅडचं एक लहान पाकीट आणि भरपूर मऊ सुती कापडं. दुपटी, जुने धुतलेले पंचे, काहीही चालेल. ढेकर काढताना, गळणारं दूध टिपायला, बाळाच्या हनुवटीखाली दुमडून ठेवायला ती इतकी लागतात की दिवसाला सहा-सातही पुरत नाहीत.

ब्रा छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास घ्यावी, कारण तोवर छातीचा घेर वाढून झालेला असतो. पण दूध उतरलं की कप पुन्हा बदलतो, म्हणून दोनच घ्या, आणि त्याही ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या, तारेविना. तार किंवा कडक शिवण एकाच जागी सतत दाबत राहिली तर तिथे दूध अडून गाठ होऊ शकते. कप घालून बघताना आत पॅडपुरती मोकळी जागा उरली पाहिजे. आणखी एक परीक्षा दुकानातच करायची: एका हातात जड पिशवी धरून दुसऱ्या हाताने हूक उघडा आणि लावा. जमलं नाही तर ती ब्रा परत ठेवा, कारण रात्री तीन वाजता तुमचा दुसरा हात मोकळा नसणार. मापाच्या, आकार धरणाऱ्या ब्रा दीड-दोन महिन्यांनी घ्या. तेव्हा दुधाचं प्रमाण बाळाच्या मागणीशी जुळलेलं असतं आणि माप टिकतं.

पॅडचं पाकीट लहान घ्या, कारण काहींना दूध गळण्याचा त्रास होतच नाही. गळत असेल तर पुढे धुवायचे कापडी पॅड परवडतात. दोन्ही प्रकारांत नियम एकच: ओलं झालं की बदलायचं. ओलसर कापड तासन् तास त्वचेला चिकटून राहिलं की त्वचा भिजून नाजूक होते आणि बुरशीला आयती जागा मिळते. प्लॅस्टिकचं अस्तर असलेले पॅड मी तरी टाळेन. चिकटून वाळलेलं पॅड ओढून काढू नका, आधी पाण्याने भिजवा.

याच काळात एक काम फुकटात होतं. स्तनपान सल्लागाराचा किंवा या कामात मुरलेल्या परिचारिकेचा नंबर शोधून फोनमध्ये ठेवा. अडचण येते ती बहुधा रात्री, आणि त्या वेळी शोधाशोध करण्याचं त्राण नसतं.

पायरी २: पहिले तीन दिवस, चमचा आणि वही

सुरुवातीला येतो तो चीक: घट्ट, पिवळसर आणि थेंबाथेंबाने. पहिल्या चोवीस तासांत बाळ एका वेळी साधारण २ ते १० मिलिलिटर घेतं, म्हणजे फार तर दोन लहान चमचे. ‘दूधच येत नाही’ ही भीती याच दिवसांत घर करते आणि याच दिवसांत घाईघाईने नको त्या वस्तू आणल्या जातात. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान उतरतं.

बाळ झोपाळू असेल, नीट ओढत नसेल तर चीक हाताने काढून चमच्याने किंवा सुई नसलेल्या लहान सिरिंजने पाजता येतो. पंप इथे कुचकामी, कारण एवढासा घट्ट चीक त्याच्या नळ्यांना आणि भिंतींना चिकटूनच संपतो. हाताने काढायची रीत अशी: हात धुवा. अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली ठेवा, स्तनाग्रापासून साधारण ३ सेंटिमीटर मागे. आधी बोटं सरळ छातीच्या दिशेने आत दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा, मग सैल सोडा. दाबा, आणा, सोडा. बोटं त्वचेवरून घासत पुढे आणायची नाहीत. पहिली एक-दोन मिनिटं काहीच येत नाही, तिथेच बहुतेक जणी सोडून देतात. तिथे सोडू नका. थेंब मंदावले की बोटांची जागा घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत जा.

वही कशाला? बाळाच्या पोटात किती गेलं हे दिसत नाही, बाहेर काय आलं ते मात्र दिसतं. पहिल्या दिवशी निदान एक ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, आणि सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक. दिवसभरात ८ ते १२ वेळा पाजणं नेहमीचंच. जन्मानंतर वजन थोडं उतरतं आणि दोन आठवड्यांत ते भरून येतं. घट ७ टक्क्यांच्या पुढे गेली तर पाजणं कसं चाललंय हे जाणकाराने बघायला हवं, आणि १० टक्के झाली तर डॉक्टरांकडे जायला उशीर नको. ॲप वापरलं तरी चालेल, पण मला कागद-पेन्सिल बरी वाटली. फोन हातात आला की अर्धी झोप तिथेच जाते.

पायरी ३: बसायची सोय

नर्सिंग पिलो नावाची अर्धचंद्राकृती उशी दिसते सुंदर, पण तिची खरी गरज फक्त काही जणींना असते: सिझेरियन झालेल्यांना टाक्यांवर भार नको म्हणून, जुळी असलेल्यांना, आणि खुर्चीत बसल्यावर बाळ छातीपर्यंत पोचत नाही अशांना. घ्यायचीच तर घट्ट भरलेली घ्या. मऊ उशीत बाळ खाली खाली जातं आणि आई त्याच्यामागे वाकत जाते. खोळ काढून धुता येते का हेही बघा.

क्रम मात्र ठरलेला. आधी तुमची पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर किंवा पाटावर, खांदे सैल. मग बाळाला छातीशी आणायचं, त्याचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं. सगळ्यात शेवटी जिथे पोकळी उरेल तिथे उशी सारायची. आधी उशी मांडून तिच्यावर बाळ ठेवलं की उशीच्या उंचीप्रमाणे तुम्हाला वाकावं लागतं, आणि आठवड्याभरात मान धरते.

या उशीवर बाळाला कधीही झोपवू नका. मान पुढे कलली की तान्ह्याची श्वासनलिका दबते. अशा उशांवर झोपलेल्या बाळांचे मृत्यू झाल्यामुळेच अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०२४ मध्ये त्यांच्यासाठी सक्तीचे सुरक्षा नियम मंजूर केले. सोफ्यावर पाजता पाजता स्वतः झोपी जाणं त्याहून वाईट. डोळा लागेल असं वाटलं तर आधीच कुणाला तरी हाक मारून ठेवा.

रात्रीसाठी मंद पिवळसर दिवा, आणि हात पोचेल तिथे झाकणाची पाण्याची बाटली, शक्यतो स्ट्रॉ असलेली. पाजणाऱ्या आईला दिवसाला साधारण ७०० मिलिलिटर पाणी जास्तीचं लागतं, आणि पान्हा फुटला की घसा कोरडा पडतो हा बहुतेकींचा अनुभव. तहान लागेल तेवढं प्या. त्यापुढे जबरदस्तीने पाणी प्यायल्याने दूध वाढत नाही.

पायरी ४: स्तनाग्रं दुखत असतील तर

मलम लावायच्या आधी पकड बघा, म्हणजे बाळाने छाती तोंडात कशी धरली आहे ते. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर, तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलेलं, आधी हनुवटी टेकते आणि मग तोंड मिटतं. स्तनाग्राभोवतीचा गडद भाग वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतो, खाली कमी. खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगीर, आणि मधूनमधून गिळल्याचा आवाज. पहिले काही क्षण ओढ लागणं समजू शकतं. त्यापुढेही कळ येत राहिली तर ओठाच्या कडेतून करंगळी घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. दिवसातून दहा वेळा सोडवावी लागली तरी सोडवा. चुकीची पकड तशीच ठेवून वर कितीही मलम थापलं तरी पुढच्या पाजण्यात जखम पुन्हा उकलते.

मलमांत शुद्ध केलेलं लॅनोलिन सगळ्यात जास्त खपतं. ते मेंढीच्या लोकरीतून काढलेलं मेण असतं, आणि पाजण्याआधी पुसावं लागत नाही. पण वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात असं दिसलं की काहीच न लावणं किंवा स्वतःच्याच दुधाचे थेंब लावणं हे लॅनोलिनइतकंच उपयोगी ठरू शकतं, आणि बहुतेकींच्या वेदना सात ते दहा दिवसांत आपोआपच कमी होतात. म्हणजे लॅनोलिन लावून बरं वाटत असेल तर जरूर लावा, मटाराच्या दाण्याएवढंच. लोकरीची ॲलर्जी असेल तर लांब राहा. थंडावा देणारे हायड्रोजेल पॅड चिरांवर आराम देतात, मात्र जंतुसंसर्ग झाला असेल तर ते वापरायचे नाहीत.

सिलिकॉनची निप्पल शील्ड, म्हणजे पाजताना स्तनाग्रावर बसवायची पातळ टोपी, हा वेगळा विषय. आत वळलेली स्तनाग्रं, वेळेआधी जन्मलेलं बाळ अशा वेळी ती मोलाची ठरते. पण माप चुकलं तर दूध नीट निघत नाही आणि वजन अडतं. ती स्वतःच्या मनाने सुरू करू नका, आणि ती लावून पाजत असाल तर बाळाचं वजन नियमित तपासा.

पायरी ५: दूध दाटलं की

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, बाळाच्या तोंडात काही पकडू येत नाही आणि दोघंही रडकुंडीला येतात. इथे लागतो तो थंड जेलचा पॅक, किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ. पाजून झालं की दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा. पाजण्याआधी दोन मिनिटं कोमट कापड ठेवलं तर दूध सुटायला मदत होते, पण तासभर शेकत बसू नका. उष्णतेने सूज वाढते.

पकडच येत नसेल तर बोटांची टोकं स्तनाग्राच्या मुळाशी चहूबाजूंनी टेकवून छातीच्या दिशेने मिनिटभर सलग, हलका दाब द्या. सूज मागे सरकते, गडद भाग मऊ होतो, आणि बाळाला धरता येतं. यासाठी कुठलीही वस्तू विकत घ्यावी लागत नाही, म्हणूनच बहुधा याची कुणी जाहिरात करत नाही.

गाठ जोरजोराने चोळायची जुनी सवय आता सोडायला हवी. ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने २०२२ मध्ये स्तनदाहाची मार्गदर्शक तत्त्वं बदलली. खोल मालिश नको, छाती ‘पूर्ण रिकामी’ करायच्या मागे लागून जादा पंपिंग नको, थंड शेक द्या आणि बाळाच्या मागणीप्रमाणे पाजत राहा, हा त्यांचा गाभा. थरथरणारी मसाज यंत्रंही त्यामुळे यादीतून बाद. ताप, कणकण, लाल दुखरा पट्टा असं दिसलं आणि चोवीस तासांत उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जा.

याच टप्प्यावर हात-पंपासारखा दिसणारा सिलिकॉनचा कलेक्टर कुणीतरी सुचवतं. एका बाजूला पाजताना दुसऱ्या बाजूला तो चिकटवून ठेवायचा, वाया जाणारं दूध आत जमतं. कल्पना चांगली, पण तो फक्त गळतं तेवढंच गोळा करत नाही, ओढूनही घेतो. प्रत्येक वेळी लावला तर शरीराला वाटतं जुळी आहेत, आणि जास्तीच्या दुधाचं चक्र सुरू होतं. दिवसातून एकदा, सकाळी, एवढं पुरे. नुसती गळती साठवायची तर ब्रामध्ये बसणारं, ओढ नसलेलं भांडं बरं.

पायरी ६: पंप घ्यायचा का, आणि कोणता

बाळ नीट पीत असेल आणि तुम्ही दिवसभर जवळ असाल तर पहिले चार ते सहा आठवडे पंपाला हात लावायची गरज नसते. बाळ अतिदक्षता विभागात असेल तर गणित उलटं: जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करायची, चोवीस तासांत आठ किंवा अधिक वेळा. त्यासाठी रुग्णालयात वापरतात तसा दणकट पंप भाड्याने मिळतो का ते आधी पाहा.

आठवड्यातून एखाद-दोन वेळा बाहेर जायचं तर हाताने चालवायचा साधा पंप पुरतो. रोज आठ-नऊ तास कामावर जायचं तर दोन्ही बाजूंनी एकदम चालणारा इलेक्ट्रिक पंप घ्या, वेळ निम्मा लागतो. ब्रामध्ये बसणारे बिनतारी पंप सोयीचे, पण मुख्य पंप म्हणून सगळ्यांना मानवत नाहीत. काही जणींचं दूध त्यावर कमी निघतं. यांत्रिक पंपाच्या आरंभीच्या पेटंटांपैकी एक एडवर्ड लास्कर यांनी १९२० च्या दशकात घेतलं, आणि हे गृहस्थ नामवंत बुद्धिबळपटू होते.

घेताना ‘क्लोज्ड सिस्टिम’ आहे का ते विचारा. म्हणजे दूध आणि मोटर यांच्यात पडदा असतो, दूध किंवा बाष्प मोटरपर्यंत जात नाही. तसा पडदा नसलेला पंप दुसऱ्या कुणाचा वापरलेला घेऊ नये, आतली बुरशी धुऊन निघत नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग: फ्लँज, म्हणजे छातीवर टेकवायचं नरसाळं. खोक्यात बहुधा २४ मिलिमीटरचं येतं आणि अनेकींना ते मोठं होतं. स्तनाग्राच्या बुडाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, गडद भाग सोडून. त्याच्याइतकं किंवा २-३ मिलिमीटर जास्त माप घेऊन बघा. स्तनाग्र नळीत मोकळं हलायला हवं, घासायला नको, आणि गडद भाग फारसा आत ओढला जायला नको. पंप दुखतो किंवा दूध निघत नाही म्हणून नवा पंप आणणाऱ्या बऱ्याच जणींना खरं तर फक्त दुसरं नरसाळं हवं असतं.

चालवताना आधी जलद, हलकी ओढ. पान्हा फुटला, धार लागली की संथ, खोल ओढ. जोर तेवढाच, जेवढा सुखाचा वाटतो. जास्त जोराने जास्त दूध येत नाही, उलट वेदनेने पान्हा आखडतो. पंधरा-वीस मिनिटांत थांबा. काही महिन्यांनी दूध अचानक कमी निघू लागलं तर आधी पंपाच्या रबरी व्हॉल्व्हकडे बघा. ते झिजतात, आणि रोजच्या वापरात एक ते तीन महिन्यांत बदलावे लागतात.

किती काढून ठेवायचं? एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर पितं, म्हणजे तासाला ३० ते ४० मिलिलिटर धरा. नऊ तास बाहेर असाल तर २७० ते ३६० मिलिलिटर. पहिल्या दिवसापुरतं आणि वर एक-दोन वेळांचं एवढं जमलं तरी कामावर जाता येतं, कारण त्या दिवशी काढलेलं दुसऱ्या दिवशी पाजायचं असतं. फ्रीजर गच्च भरल्याचे फोटो बघून जीव टांगणीला लावू नका. दिवसभर अंगावर पाजणाऱ्या आईला मधल्या वेळेत पंपावर दोन्ही मिळून ३०-४० मिलिलिटर आलं तर ते कमी नाही.

पायरी ७: साठवणं आणि धुणं

ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, फ्रीजरमध्ये ६ महिन्यांपर्यंत उत्तम राहतं. खोली त्याहून उकाड्याची असेल तर थेट फ्रिजमध्ये ठेवा. गोठवलेलं वितळलं की २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावून उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्यायचं. बर्फाच्या पॅकसह थंडावा टिकवणाऱ्या जाड पिशवीत एक दिवस निघतो.

पिशव्या एकदाच वापरायच्या असतात, त्यांत ६० ते १०० मिलिलिटरच भरा म्हणजे वाया कमी जातं. वर दोन बोटं जागा सोडा, आडव्या करून गोठवा, तारीख आधीच लिहून ठेवा (भरलेल्या पिशवीवर पेन चालत नाही). फ्रिजच्या दारात ठेवू नका, मागच्या बाजूला ठेवा. कोमट पाण्यात धरून गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. त्यात मधेच चटका बसण्याइतके गरम भाग राहतात. साय वेगळी झालेली दिसते, ती हलकेच फिरवून मिसळते.

पंपाचे दुधाला लागणारे भाग प्रत्येक वेळी धुवायचे, सिंकमध्ये टाकून नव्हे तर त्यासाठीच ठेवलेल्या वेगळ्या तसराळ्यात आणि वेगळ्या ब्रशने. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल किंवा वेळेआधी जन्मलेलं असेल तर दिवसातून एकदा ५ मिनिटं उकळून निर्जंतुक करायचे. विजेचं स्टीम यंत्र सोयीचं आहे, अत्यावश्यक नाही. झाकणाचं पातेलं तेच काम करतं.

पायरी ८: बाटली, वाटी आणि जाहिराती

काढलेलं दूध वाटीने किंवा चमच्यानेही पाजता येतं, आणि स्वच्छ करायला वाटी बाटलीहून सोपी. बाटलीच हवी तर सगळ्यात कमी धारेचं निप्पल घ्या. बाळाला जवळजवळ बसतं धरा, बाटली आडवी ठेवा, आणि मधे मधे थांबा. आईच्या अंगावर जितकं कष्टाने ओढावं लागतं तितकंच इथेही लागू द्या.

‘अगदी आईसारखं’ असं लिहिलेल्या बाटलीवर विश्वास ठेवायचं कारण नाही. दुधाच्या पर्यायांच्या विक्रीवर जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये जी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली, तिच्या कक्षेत बाटल्या आणि निप्पलही येतात, आणि तिच्यानुसार त्यांची जनतेत जाहिरात करायची नसते. तरीही भेटीच्या पिशव्यांतून त्या येतातच.

दूध वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांबद्दलही तेच. ठोस पुरावा तोकडा आहे. दूध वाढतं ते जास्त वेळा आणि नीट पाजल्याने. कुठलंही औषध सुरू करताना ‘पाजणं बंद करा’ असं कुणी सांगितलं तर लॅक्टमेड या मोफत माहितीसंग्रहात ते औषध आधी बघा आणि डॉक्टरांशी पुन्हा बोला. बहुतेक वेळा पर्याय निघतो. एक बाटली मात्र खरंच लागते: बाळासाठी ड जीवनसत्त्वाच्या थेंबांची, दिवसाला ४०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक), बालरोगतज्ज्ञांना विचारून.

आणि ‘काय आणू?’ असं विचारत कुणी भेटायला येणार असेल तर संकोच न करता सांगा, येऊन तसराळ्यातले पंपाचे भाग धू आणि तासभर बाळाला घे, मला झोपायचंय.